चार बोटं डावीकडे

खुर्ची हलवून पाहिल्याशिवाय तिच्यावर न बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तोही अशा जागी की जिथं त्याला खुर्चीवर बसायची परवानगीच नव्हती. मी तुरुंगात सुतारकाम शिकवायला होतो. यातला 'शिकवायला' हा शब्द कृपा करून नीट वाचावा. 'ते तुरुंगात होते' एवढंच कानावर गेल्यामुळे आमच्या सिडकोतल्या एका शेजाऱ्यांनी मुलीच्या साखरपुड्याला आम्हाला बोलवावं की नाही यावर घरात बैठक घेतली होती. नोकरीची सगळी वर्षं करवत, रंधा आणि पटाशी यांच्या संगतीत गेली. हाताखालून किती माणसं गेली त्याचा हिशेब नाही, आणि त्यांतले बरेचसे चेहरे आता पुसटले आहेत. हा मात्र दिवसातून दोन-चारदा तरी आठवतो, कारण कुठल्याही टेबलाला, स्टुलाला, पाटाला हात लागला की आधी ते हलवून बघायची खोड तो मला लावून गेला. लग्नाच्या पंगतीत मी समोरचं टेबल हळूच हलवतो तेव्हा बायको डोळे वटारते. तिला म्हणतो, अगं, हे माझं नाही, हे त्या सिल्लोडकरचं आहे.

सिल्लोडकर हे त्याचं आडनाव नव्हे. तो सिल्लोड तालुक्यातला, एवढंच. शिक्षा भोगून बाहेर पडलेल्या माणसाचं नाव त्याचं त्याच्याजवळ राहू द्यावं असं मला वाटतं. घर शेतकऱ्याचं, सुतारकीशी सात पिढ्यांत संबंध नाही. बांधावरून चुलतभावाशी भांडण झालं, हातात कुऱ्हाडीचा दांडा होता, आणि खाली पडलेला चुलतभाऊ परत उठला नाही. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना स्वतःच्या बाजूचा एकही शब्द त्यात घातला नाही. त्याची तक्रार शिक्षेबद्दल कधीच नव्हती. त्याची तक्रार होती ती कोर्टातल्या आरोपीच्या पिंजऱ्याबद्दल.

"म्या केलं ते केलं सर," तो म्हणायचा, "पण जजसाहेबांला वाटलं, मी भ्यालो. म्या थरथरत नव्हतो. पिंजरा डुगायलता!"

खटला चालू असताना रोज त्या लाकडी पिंजऱ्यात उभं राहायचं, आणि जरा अंग हलवलं की पिंजरा खडखड वाजायचा. सगळं कोर्ट वळून बघायचं. हा माणूस श्वास रोखून, दोन्ही पाय जमिनीत रोवून उभा राहायचा, आणि त्यामुळं आणखीच गुन्हेगार दिसायचा. पुढं शिक्षा लागून तो राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या एका तुरुंगात गेला. तिथल्या कारखान्यात कोर्टांसाठीच फर्निचर बनत असे. साहेबांची उंच टेबलं, साक्षीदारांचे कठडे, आरोपींचे पिंजरे, सगळं कैद्यांच्या हातचं. ते पाहिलं आणि सिल्लोडकरला आयुष्याचं काम सापडलं. स्वतः बनवलेल्या पहिल्या पिंजऱ्यात तो स्वतः उभा राहिला आणि त्यानं त्यात उड्या मारल्या. पिंजरा हलला नाही. 'तिकडच्या कोर्टांत आता आरोपी थरथरला तर तो आपल्या मनानं थरथरतो, पिंजऱ्यामुळं नाही,' असं तो छाती पुढं काढून सांगत असे.

आमच्याकडं तो बदलीवर आला. ही बदली त्यानंच मागितली होती. म्हातारी आई गावाकडं एकटी, तिला एवढ्या लांब भेटीला जाणं जमत नव्हतं, आणि आमचा तुरुंग तिला एसटीच्या टप्प्यात होता. अर्ज करून बिचारा विसरूनही गेला होता. मधल्या काळात तो तिथं 'कुशल' कामगार झाला, सुतारकामाच्या प्रमाणपत्राच्या वर्गात बसला, वर्ग जवळजवळ पुरा केला, परीक्षा तोंडावर आली, आणि नेमकी तेव्हा बदली मंजूर झाली. सरकारी कामं होतच नाहीत असं लोक म्हणतात ते मला पटत नाही. ती होतात, फक्त नको त्या दिवशी होतात.

आल्या आल्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या कारखान्याच्या दारात उभा. ताठ, टोपी सरळ, हातात काही नाही, पण उभं राहण्याचा ढंग असा की मीच जणू त्याची वाट बघत खोळंबलोय.

"सर, म्या कुशल हाय. सुतारकाम. कुठं बसू?"

आता त्याला कुठं बसवणार? बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं, की तुरुंगात काम मिळणं ही बाहेर नोकरी मिळण्याइतकीच कठीण गोष्ट आहे. कुशल, अर्धकुशल, अकुशल असे तीन वर्ग. वर्गाप्रमाणे मजुरी, आणि सुटताना हातात पडतो तो शेराही त्याच वर्गाचा. कारखान्यातल्या जागा ठरलेल्या. कोणी सुटला तर जागा रिकामी, आणि तिच्यासाठी आधीपासून रांग. बदलून आलेला माणूस त्या रांगेच्या शेपटाला. दुसऱ्या तुरुंगात तू कितीही मोठा कारागीर असलास तरी ते मोठेपण तिथल्या फाटकात काढून ठेवायचं आणि इथं नवा होऊन यायचं. त्याचे तिकडचे कागद तिकडून 'निघाले' होते आणि आमच्याकडं 'आले नव्हते', आणि या दोन्ही गोष्टी दोन्हीकडचे कारकून शपथेवर सांगत. तेव्हा कागद येईपर्यंत सिल्लोडकर अकुशल. त्याच्या हातात खराटा आला आणि ऑफिससमोरचं अंगण त्याच्या वाट्याला आलं.

त्यानं ते तक्रार न करता झाडलं. पण तोंड गप्प बसेना. नवी सून सासरच्या प्रत्येक गोष्टीत माहेर काढते, तसं याचं सुरू झालं. 'आमच्या तिकडं' हे त्याचं माहेर. आमच्या तिकडं आमटी घट्ट असायची. आमच्या तिकडं रंध्याला धार दुसऱ्यानं लावलेली चालत नसे. आमच्या तिकडचे जेलरसाहेब लाकडाच्या वासावरून साग ओळखायचे. बराकीतले लोक वैतागून म्हणत, "आरं मंग आलास काहून हिकडं?" त्यावर तो खराटा उचलून चालू लागायचा. एका तुरुंगात बसून दुसऱ्या तुरुंगासाठी झुरणारा माणूस बघून आधी मला हसू यायचं. नंतर नंतर यायचं बंद झालं. तिथं त्याला कोणीतरी ओळखत होतं, आणि इथं तो अंगण झाडणारा एक पांढरा सदरा होता.

खराटा हातात असला तरी नजर मात्र लाकडावर. ऑफिसच्या व्हरांड्यातलं बाकडं, पहाऱ्यावरच्या शिपायाचं स्टूल, दवाखान्यातली तपासायची खाट, जे दिसेल ते आधी तळव्यानं दाबून बघायचं, मग तिरपं हलवायचं, मग मान हलवायची. आमचा एक पहारेकरी जुन्या शहरातला होता. तो मला येऊन सांगे, "क्या बोलू मास्टरसाब, ये बंदा स्टूल हलाए बगैर उसके बाजू में खडा बी नै रहता. मेरेकू डर लगता, किसी दिन मेरेकूच हलाके देखेगा!" डुगडुगणाऱ्या पायाखाली कागदाची घडी सारणं हे त्याच्या लेखी पाप होतं. अशी घडी दिसली की तो ती ओढून काढायचा, सरळ करून धन्याच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "धा वर्सांपासून लंगडायलंय बिचारं, आन् तुमी त्याच्या पायाखाली पेपर घालायलेत."

आईची पहिली भेट झाली त्या दिवशी मी जवळच होतो. भेटीच्या खोलीत मधे काच. अलीकडं कैदी, पलीकडं नातेवाईक, दोघांच्या कानाला फोन. म्हातारी सिल्लोडहून सकाळच्या एसटीनं आलेली, डोक्यावरचा पदर पुन्हा पुन्हा सावरत ती पलीकडच्या बाकड्यावर टेकली. बाकड्याचा एक पाय आखूड. ती पुढं झुकली की बाकडं पुढं, मागं झाली की मागं. इतक्या वर्षांनी आई दिसली, आणि हा बघतोय बाकड्याकडं. हिला भाकरी मिळते का, गुडघा कसा आहे, शेत कोण बघतो, हे सगळं विचारायचं राहिलं बाजूला.

"आई, तू उठ त्याच्यावरनं. पडशील."

"आरं हलतंय तर हलू दे की. म्या काय पडायले का?"

"उठ म्हणतो ना!"

म्हातारी उभी राहिली आणि राहिलेली सगळी भेट उभ्यानं झाली. काचेपलीकडं हात पोचत नव्हता, नाहीतर त्यानं तिथल्या तिथं बाकडं उलटं केलं असतं. भेट संपताच तो ड्यूटीवरच्या जेलरसाहेबांच्या इतका मागं लागला, की त्यांनी कंटाळून बाकडं आत आणवलं आणि माझ्याकडून हत्यारं मागवली. सिल्लोडकरनं ते भरदुपारी अंगणात बसून असं दुरुस्त केलं, की वर हत्ती बसवावा. पुढच्या भेटीला म्हातारी त्यावर मांडी घालून बसली. मी त्याचा चेहरा बघितला. पोराला पहिला पगार आईच्या हातात देताना जसं होतं तसं त्याचं झालं होतं.

आणि तिथंच त्याचं नशीब फिरलं, तेही उलट्या दिशेला. जेलरसाहेबांच्या लक्षात आलं, की या झाडूवाल्याच्या हातात कला आहे. कारखान्याकडून काही दुरुस्त करून घ्यायचं तर मागणीपत्र, मंजुरी, नोंद, सतरा भानगडी. हा मात्र हाकेच्या अंतरावर. मग काय, आज कपाटाचं दार, उद्या खिडकीची झडप, परवा साहेबांच्या बंगल्यावरचा पाळणा. सिल्लोडकर दिवसभर सुतारकाम करायचा आणि संध्याकाळी त्याच्या नावापुढं नोंद पडायची ती झाडलोटीची. मी त्याला कारखान्यात मागायला गेलो की ऑफिस म्हणायचं, "मास्तर, रांग आहे, नियम आहे." नियम होताच. पण त्याला सोडायची कुणाला इच्छाही नव्हती. माझं डोकं फिरायचं. नालायक माणसाला बाहेर काढायला जेवढा त्रास होतो त्याच्या दुप्पट त्रास लायक माणसाला आत घ्यायला होतो, हे मी त्या दिवसांत शिकलो.

अशात प्रमाणपत्राचा नवा वर्ग आमच्याकडं सुरू व्हायचं ठरलं. बाहेरची संस्था शिकवणार, परीक्षा घेणार, आणि प्रमाणपत्रावर तुरुंगाचं नाव नसणार. बाहेर जाऊन पोट भरायचं तर तो कागद म्हणजे सर्वस्व. चितेगावला माझ्या ओळखीचे एक फर्निचरचे कारखानदार होते. त्यांनी शब्द दिला होता, "प्रमाणपत्रवाला माणूस आणा मास्तर, कुठून आला ते मी विचारणार नाही." अट एकच, वर्गात बसायला कारखान्यातलाच कामगार हवा. सिल्लोडकरची शिक्षा संपत आली होती. ही तुकडी हुकली तर पुढची सुरू होईपर्यंत तो बाहेर असणार. म्हणजे आत्ता नाहीतर कधीच नाही. हे त्यालाही कळत होतं. त्या काळात त्यानं 'आमच्या तिकडं' म्हणणं सोडलं होतं, यावरून मी काय ते ओळखलं.

मग मी एक बेत केला. मोठ्या साहेबांचं ऑफिस नुकतंच शेजारच्या खोलीत हलवलं होतं आणि तिथं त्यांचं टेबल भयंकर डुगडुगत होतं. आठवड्यातून एकदा साहेबांसमोर कैद्यांना अर्ज मांडता येत. मी सिल्लोडकरला बाजूला घेऊन बजावलं, "हे बघ, त्या टेबलाला हात लावायचा नाही. डुगडुगू दे. चहा सांडू दे. साहेब वैतागले की मी म्हणणार, माणूस कमी आहे, वाढीव जागा द्या. आणि मग तुझा अर्ज पुढं करणार. तू फक्त उभं राहायचंस."

"राहतो की सर."

"आणि टेबलाकडं बघायचंही नाहीस."

"मंग कुठं बघू?"

"छताकडं बघ."

ठरल्या दिवशी सगळं बेतासारखं घडलं, आणि असं माझ्या आयुष्यात फार कमी वेळा झालंय. साहेबांनी कोपर टेकलं, टेबल कललं, पेन घरंगळत खाली गेलं. सिल्लोडकर छताकडं. चहा आला, कप ठेवला, बशीत अर्धा सांडला. सिल्लोडकर छताकडं, पण कपाळावर घाम. साहेब माझ्याकडं बघून कडाडले, "मास्तर, तुमच्या कारखान्यात सुतार आहेत की नुसते हजेरीला आहेत? या टेबलाचं काहीतरी करा!" मी तयारच होतो. "सर, माणसं कमी पडतात. एक वाढीव जागा मिळाली तर हा इथं उभा आहे, तिकडं कुशल होता," असं म्हणून अर्ज पुढं सरकवला. साहेबांनी तो वाचला. मान डोलावली. पेन उघडलं. मी मनातल्या मनात त्याला वर्गात पहिल्या बाकावर बसवलंही.

साहेबांनी सहीसाठी हात टेकला आणि टेबल परत कललं.

"थांबा साहेब," सिल्लोडकर म्हणाला.

पुढं काय होणार हे मला कळलं, पण मला तोंड उघडायला वेळ मिळाला नाही. तो खाली बसला, फरशीवर गाल टेकवून त्यानं टेबलाखाली बघितलं, उठला, आणि दोन्ही हातांनी टेबल धरून चार बोटं डावीकडं सरकवलं. बस. पायात दोष नव्हताच, एक फरशी दबली होती. साहेबांनी टेबल दाबून पाहिलं. हललं नाही. कोपर टेकून पाहिलं. हललं नाही. ते इतके खूश झाले की त्यांनी पेनाला टोपण घातलं.

"वा! झालं की मग. मास्तर, माणूस कमी कुठं आहे? हा आहे की ऑफिसात. असू दे याला इथंच, कामाचा माणूस आहे."

अर्ज सहीविना परत आला. बाहेर व्हरांड्यात मी त्याच्यावर इतका ओरडलो की पहारेकरी धावत आला. "अरे, काय सांगितलं होतं तुला! दोन क्षण, फक्त दोन क्षण थांबायचं होतंस!"

तो खाली मान घालून उभा होता. मग हळूच म्हणाला, "साहेब सही करीत व्हते सर. डुगत्या टेबलावर सही वाकडी येती. म्हणलं, माझ्या कागदावरली सही तरी सरळ यावी."

मी नंतरही खटपट केली. तोंडी सांगून झालं, लेखी देऊन झालं. वर्ग सुरू झाला, तुकडी भरली, परीक्षा झाली. ज्यांना रंधा कुठल्या बाजूनं धरायचा हे मी शिकवलं, त्यांच्या हातात प्रमाणपत्रं आली, आणि मी त्यांचं तोंड भरून कौतुकही केलं, कारण त्यांचा काय दोष? सिल्लोडकरनं समारंभासाठी मांडव उभारायला मदत केली. व्यासपीठ अजिबात हललं नाही. तिकडून निघालेले त्याचे कागद तो सुटेपर्यंत वाटेतच होते. तो सुटला तेव्हा त्याच्या नावापुढं शेरा होता, अकुशल. म्हातारी फाटकाशी घ्यायला आली होती. तिनं माझ्यापुढं हात जोडले. मला त्या हातांकडं बघवेना.

चितेगावच्या कारखानदारांनी शब्द मोडला असं मी म्हणणार नाही. त्यांचा शब्द प्रमाणपत्राला होता. मी फोनवर पुष्कळ सांगितलं, हात बघा, काम देऊन बघा. ते म्हणाले, "मास्तर, अकुशल लिहिलेला माणूस मी मशीनवर कसा उभा करू? उद्या काही झालं तर?" तरी माझ्या भिडेखातर त्यांनी त्याला ठेवून घेतलं. फाटकावर.

निवृत्त झाल्यावर एकदा पैठण रस्त्यानं जाताना मुद्दाम थांबलो. आतून यंत्रांचा आवाज, ताज्या लाकडाचा वास, आणि फाटकाशी निळ्या गणवेशात सिल्लोडकर. जरा जाड झालेला. मला बघून धावत आला, पाया पडला. आई बरी आहे म्हणाला, रोज तिच्या हातची भाकर मिळते म्हणाला. मग आपली खुर्ची झटकून माझ्यापुढं केली. "बसा सर, बसा."

मी सवयीनं आधी ती हलवून पाहिली. खुर्ची डुगडुगत होती.

मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं नजर रस्त्याकडं वळवली. "कंपनीची हाय सर," तो म्हणाला. "मागं एकदा हात लावला तर सुपरवायझर म्हणले, तुला कुणी सांगितलं? गेटवाल्यानं गेट बघावं. खरंच हाय त्यांचं. मंग म्या नाय लावत आता हात. चालतंय की."

ते 'चालतंय की' त्या माणसाच्या तोंडी ऐकायला मी चितेगावला गेलो नव्हतो. मला फार वाईट वाटलं, आणि ते लपवायला मी घाईघाईनं बसायला वाकलो. तेवढ्यात त्यानं पाऊल पुढं केलं आणि खुर्चीच्या खालच्या दांडीवर घट्ट दाबून धरलं. आम्ही पावसापाण्याचं, आईच्या गुडघ्याचं, माझ्या पेन्शनचं बोलत राहिलो. मी बसलो होतो तोवर खुर्ची हलली नाही.